चुकले तर विचारायचे कोणाला?

नवे डिजिटल साधन हाती घ्यायला जो माणूस कां-कूं करतो, त्याच्या वाट्याला आपल्याकडे एक तर कीव येते, नाही तर चेष्टा. शासनाच्या परिपत्रकांत तो जनजागृतीचा विषय असतो आणि घरात नातवंडांच्या करमणुकीचा. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : साधन निर्दोष आहे, खोट माणसात आहे, वयामुळे, कमी शिक्षणामुळे किंवा भीतीमुळे तो मागे राहिला आहे आणि चार वेळा समजावून सांगितले की येईल रांगेत. मला हे गृहीतक मान्य नाही. ही टाळाटाळ पुष्कळदा हिशेबातून आलेली असते. चूक झालीच तर तिची किंमत कोणाच्या खिशातून जाणार आणि दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाला साधनाच्या कर्त्यांपेक्षा आधी कळलेले असते, म्हणून त्याचे बोट पडद्यावर अडखळते.

महाराष्ट्रातली ई-पीक पाहणी या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. पूर्वी शेतातल्या पिकाची नोंद तलाठी सातबाऱ्याच्या गाव नमुना बारावर करीत असे. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात त्या नावाने कोणी त्याला हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही.) ती नोंद बिनचूक असे, असा दावा कोणी करणार नाही, चावडीत बसल्या बसल्या गेल्या वर्षीचेच पीक पुढे ओढण्याची रीत साऱ्या गावाला ठाऊक असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या हाती आले. आपल्या शेतात उभे राहायचे, मोबाइलवर पीक नोंदवायचे, फोटो काढायचा आणि माहिती पाठवून द्यायची. ज्याने पेरले त्यानेच नोंदवावे, ही कल्पना मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. प्रश्न कल्पनेचा नाही, ती शेताच्या बांधावर कशी उतरते याचा आहे.

वाशीम किंवा हिंगोलीकडचा, सत्तरीला टेकलेला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या तीन एकरांत सोयाबीन आहे आणि दर सहा तासांनंतर (म्हणजे पेरणीच्या ओळींनंतर) तुरीचे एक तास. ॲप त्याला आधी जिल्हा, तालुका, गाव विचारते, मग खातेदार, मग गट क्रमांक. इथपर्यंत तो कसाबसा येतो. पुढे पिकाचा वर्ग विचारला जातो : निर्भेळ पीक की मिश्र पीक? निर्भेळ म्हणावे तर तूर नोंदीतून जाते. मिश्र म्हणावे तर प्रत्येक पिकाचे क्षेत्र वेगळे द्यावे लागते, तेही हेक्टर आणि आरमध्ये. जन्मभर एकर आणि गुंठे बोललेल्या या माणसाला आता तीन एकर म्हणजे सुमारे एक हेक्टर वीस आर, त्यातले सातातले एक तास तुरीचे, म्हणजे तुरीखाली सुमारे सतरा आर, असे गणित उभ्या पावसात करायचे आहे. त्यानंतर सिंचनाचे साधन, सिंचनाची पद्धत आणि लागवडीचा दिनांक येतो. शेवटी फोटो. त्यासाठी उपग्रहाने त्याला त्याच्याच गटात उभे असल्याचे ओळखायला हवे, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आलेले असते किंवा रेंज गेलेली असते.

यातली एकही पायरी त्याच्या बुद्धीबाहेरची नाही. पिकाचे क्षेत्र, पेरणीची तारीख, पाण्याची सोय हे सारे त्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. त्याला अडवते ती निराळीच गोष्ट. तलाठ्याने चुकीचे पीक लावले, तर तलाठ्याच्या दारात जाऊन भांडता येत होते; चूक कोणाची याबद्दल वाद नव्हता. आता नोंद स्वयंघोषित आहे. सोयाबीनच्या जागी वेगळे नाव निवडले गेले, आकडा एका घराने सरकला किंवा नोंद पोचलीच नाही, तर ती शेतकऱ्याची स्वतःची चूक ठरते. आणि त्या नोंदीवर थोडेथोडके अवलंबून नसते. नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, पीककर्ज या साऱ्यांचा रस्ता तिथून जातो. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी पाच हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा पात्रता ई-पीक पाहणीवर ठरली. पीक शेतात उभे होते, पण मोबाइलमधून गेलेले नव्हते, असे शेतकरी त्यात बाहेर राहिले. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती अट शिथिल करावी लागली आणि सातबाऱ्यावरची नोंद मान्य करावी लागली. बटन दाबायला कचरणाऱ्या माणसाचा अंदाज चुकीचा होता, असे यावरून म्हणता येईल का?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की या ॲपमध्ये सुधारणा झाल्या. दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय मिळाली, दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याने करायची असे ठरले, पुढे मदतीला गावपातळीवर सहाय्यकही आले. या सुधारणा पहिल्या दिवसापासून का नव्हत्या? कारण साधन रचणाऱ्याच्या मनात एक हुशार, तरुण, चांगल्या रेंजमधला, कधीही न चुकणारा वापरकर्ता होता. दुरुस्तीची सोय सुचली ती चुकलेल्या लोकांमुळे. म्हणजे ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्यांनीच हे साधन वापरण्याजोगे केले.

या संदर्भात राज्याने आपल्याच कर्मचाऱ्यांना कसे वागवले, तेही आठवून पाहावे. संगणक कार्यालयांत आले तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता परीक्षा सक्तीची झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांत चाळिशी-पंचेचाळिशीतले कारकून आणि शिक्षक मुलांच्या वयाच्या प्रशिक्षकांसमोर बसू लागले. परीक्षा न देणाऱ्यांच्या वेतनवाढी अडल्या, त्यावरून वाद झाले. पण त्या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या : शिकवणारा होता, शिकायला मुदत होती, आणि पन्नाशी ओलांडलेल्याला सूट होती. माणसाची सवय बदलायला वेळ लागतो आणि एका वयानंतर तशी सक्ती करू नये, हे शासनाला तेव्हा उमगले होते. पगार, निवृत्तिवेतन आणि संघटना पाठीशी असलेल्या कर्मचाऱ्याला पन्नासाव्या वर्षी जी सवलत मिळाली, ती सत्तर वर्षांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा पंचाहत्तरीच्या विधवेला का नसावी, याचे उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की लोक शिकतातच. कोपऱ्यावरची भाजीवाली यूपीआय शिकली, रिक्षावाला शिकला, मग बाकीच्यांना काय झाले? हे उदाहरण खरे आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते, पण ते आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने जात नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले, आणि पहिल्या काही वर्षांत अनेक छोट्या विक्रेत्यांनी त्याला नकारच दिला. मग हळूहळू तो नकार विरला, त्याची कारणे पाहा. व्यवहार दहा-वीस रुपयांचा होता, म्हणजे फसलाच तर एका जुडीचे नुकसान. तो दिवसातून पन्नास वेळा होत होता, म्हणजे हात बसायला वाव होता. विक्रेत्याला स्वतः काही टंकायचे नव्हते. भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनाकडे गिऱ्हाइकाने मोबाइल धरायचा होता. पुढे बोलका डबा आला आणि पैसे आले की नाही हे तो मराठीत मोठ्याने सांगू लागला, तेव्हा दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावण्याचीही गरज उरली नाही. आणि या सगळ्या काळात गल्ल्यात रोख पैसे घेण्याची वाट चालूच होती. कोणी तिला असे म्हटले नाही, की अमुक तारखेपासून मोबाइल नसेल तर भाजी विकता येणार नाही.

ई-पीक पाहणी किंवा कोणतेही केवायसी (ओळखीची पडताळणी) या साऱ्याच्या नेमके उलट आहे. ते हंगामातून एकदा किंवा वर्षातून एकदा येते, त्यामुळे गेल्या वेळचे विसरलेले असते. दरम्यान ॲपची आवृत्ती बदललेली असते, त्यामुळे आठवत असले तरी उपयोग नसतो. पणाला लागलेली रक्कम त्या घराच्या मानाने मोठी असते, आणि दुसरी वाट बंद असते. अशा परिस्थितीत माणूस साधन शिकत नाही, तो मध्यस्थ शोधायला शिकतो. पुतण्या, शेजारचा कॉलेजातला मुलगा, तालुक्याच्या गावातले सेतू केंद्र, झेरॉक्सचे दुकान. तिथे तो आधार कार्डाची प्रत देतो, मोबाइल देतो, आणि आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो. एकीकडे रिझर्व्ह बँक, पोलीस आणि प्रत्येक बँकेचा संदेश सांगतो, की ओटीपी कोणालाही सांगू नका. दुसरीकडे योजनांची रचनाच अशी, की तो सांगितल्याशिवाय काम होत नाही. मग कोणी तरी बँकेतून बोलतोय म्हणून फोन करतो, ओटीपी विचारतो आणि खाते रिकामे होते, तेव्हा आपण म्हणतो, लोक सावध नसतात. वर्षभर आपणच त्यांना ओटीपी सांगण्याचा सराव दिलेला असतो. शहरातही फार वेगळे नाही. पुण्यातल्या आईवडिलांचे काम अडले की न्यू जर्सीतला मुलगा रात्री जागून त्यांचा पडदा आपल्या संगणकावर घेतो आणि फॉर्म भरून देतो. दूरवरून पडदा दाखवणारी तीच ॲप ठकसेनांच्याही हाती असतात, आणि फोनवरच्या कोणत्या आवाजावर विश्वास ठेवायचा हे त्या वृद्धांनी ओळखावे, अशी आपली अपेक्षा असते.

चूक साधनाची असते तेव्हाही ती माणसाच्या माथी कशी जाते, याचा सर्वांत ढळढळीत नमुना लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत दिसला. सप्टेंबर २०२५ मध्ये ती प्रक्रिया सुरू झाली. त्यातल्या एका घोषणेचा आशय असा होता, की माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाहीत. आणि समोर पर्याय होते होय आणि नाही. घरात कोणी सरकारी नोकर नसलेली बाई यावर काय निवडेल? घरात नोकरी नाही, म्हणून ती 'नाही' निवडेल. यंत्राने त्याचा अर्थ लावला, की नोकरी नाही हे विधान खरे नाही, म्हणजे नोकरी आहे. नकारार्थी वाक्यावर होय-नाही विचारू नये, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राथमिक शिक्षकालाही ठाऊक असते. चुकीचा पर्याय निवडल्यामुळे हप्ता थांबल्याच्या तक्रारी आल्या, आणि शेवटी अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे शासनाला जाहीर करावे लागले. जे काम माणसाकडून काढून यंत्राला दिले, ते यंत्राच्या चुकीनंतर पुन्हा माणसाकडे, आणि तेही सर्वांत कमी मानधनाच्या माणसाकडे आले.

या सेविकांचा स्वतःचा अनुभव तर नाखुशीच्या सार्वजनिक उपयोगाचा धडाच आहे. २०१९ मध्ये राज्याने त्यांना मोबाइल दिले. त्यांवर त्या नोंदी करीत होत्या, म्हणजे मोबाइलला त्यांचा विरोध नव्हता. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले. ते इंग्रजीत होते, जुन्या मोबाइलची स्मृती त्याला पुरत नव्हती, मोबाइल तापत आणि बंद पडत, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागे, आणि नोंद झाली नाही तर मानधन कापले जाईल ही टांगती तलवार होतीच. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. आज पोषण ट्रॅकर मराठीत आहे. बालकाचे वजन, उंची, गरोदर बाईची तारीख या नोंदी ज्या भाषेत ती आई बोलते त्या भाषेत असाव्यात, ही मागणी दिल्लीतल्या कोणा तज्ज्ञाला आधी सुचायला हरकत नव्हती. ती इथल्या बायांनी मोबाइल टेबलावर ठेवून सुचवली. एकट्यादुकट्याची टाळाटाळ आपण आळस म्हणून मोडीत काढतो. तीच हजारोंनी मिळून केली की तिला तक्रारीचा दर्जा मिळतो.

याउलट चांगल्या रचनेचे उदाहरणही आपल्या समोर आहे, आणि ते दर नोव्हेंबरात दिसते. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी जीवन प्रमाण, म्हणजे या दाखल्याची डिजिटल सोय, सुरू झाले तेव्हा ते बहुतांशी बोटांच्या ठशांवर चालत असे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात ही साधी गोष्ट आड आली. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. तीही सर्वांना जमते असे नाही; पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा धरून पापण्यांची उघडझाप करायला सांगतात, आणि मोतीबिंदूच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर, काळा चष्मा काढून, थरथरत्या हाताने ते करणे ही कसरतच असते. पण इथे फरक असा, की हे जमले नाही तर दुसरे दार उघडे आहे. सत्तर रुपयांत पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. बँकेत जाऊन कागदावर सही करता येते. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी आणि हयातीचा दाखला बँकेच्या कोणत्याही शाखेत स्वीकारावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. शाखांत त्याची अंमलबजावणी किती मनापासून होते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दारे अनेक ठेवली म्हणून डिजिटल दार ओस पडले, असे मात्र झाले नाही. धाकाशिवाय, एकमेकांचे पाहून, लोक त्याकडे वळले.

केरळने आणखी पुढची पायरी गाठली. तिथे पुल्लमपारा या ग्रामपंचायतीत सुरू झालेला प्रयोग राज्यभर नेला, घरोघरी जाऊन कोणाला काय येत नाही हे विचारले, स्वयंसेवकांनी त्यांना शिकवले, आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी संपूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली. घोषणा आणि वास्तव यांत अंतर राहणारच, ते तिथेही असेल. परंतु शिकवण्याची जबाबदारी राज्याची, हे आधी मान्य करून मग शिकणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा क्रम मला योग्य वाटतो.

पर्यायी खिडकी ठेवायची तर खर्च येतो, आणि डिजिटल कारभाराचा अर्धा फायदा तिथेच संपतो, असे प्रशासनातले लोक म्हणतात. खर्च येतो हे खरे. पण सध्या तो वाचलेला नाही, त्याने फक्त खिसा बदलला आहे. तलाठ्याच्या वेळेची जी बचत झाली, ती शेतकऱ्याच्या बुडालेल्या मजुरीतून, सेतू केंद्रात दिलेल्या पैशांतून आणि पुतण्याच्या फुकट गेलेल्या दुपारीतून भरून निघते आहे. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढाच त्याचा गुण. शिवाय ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमाशी जोडला आहे. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचे आणि दृष्टिहीनांचे होते. डोळे मिचकावल्याशिवाय केवायसी होत नाही, म्हणून ज्यांना बँकेचे दार बंद होते, अशांचे. वय, गरिबी आणि तुटपुंजी रेंज यांमुळे अडणाऱ्यांनाही तोच न्याय लावायला फार मोठी तर्काची उडी लागत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्यासाठी नवा कायदाही नको. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात सेवेला मुदत आहे, जबाबदार अधिकारी नेमलेला आहे, अपिले आहेत, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंडही आहे. मात्र हे सारे सुरू होते अर्जाची पोच मिळाल्यावर. पडद्यावर गोल फिरत राहिला, ओटीपी आलाच नाही, फोटो स्वीकारला गेला नाही, तर अर्जच झालेला नसतो. पोच नाही, म्हणून मुदत नाही. मुदत नाही, म्हणून अपील नाही. कागदाच्या जमान्यात टेबलावरून परत पाठवलेला माणूस निदान चार लोकांनी पाहिलेला असे. आता अडलेल्या माणसाची खूण कुठेच उरत नाही आणि डॅशबोर्डवर फक्त यशस्वी नोंदींचा आकडा चढत जातो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की अपयशी प्रयत्नालाही पोच मिळावी. ॲप ज्या पायरीवर थांबले त्या पायरीची, दिवसाची आणि वेळेची नोंद असलेला क्रमांक वापरकर्त्याच्या मोबाइलवर यावा, तो दिवस अर्जाचा दिवस मानला जावा, आणि तो क्रमांक घेऊन गावातल्या कार्यालयात गेल्यास तिथल्या माणसाने ती नोंद स्वतःच्या सहीने पुरी करावी. यंत्राला यात अवघड काही नाही. कोण कुठे अडले हे त्याला आजही कळते, फक्त ते कोणाला सांगत नाही. तसे झाले तर खरिपाच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसल्यावर सरसकट मुदतवाढ द्यावी लागणार नाही. कोणत्या गावचे किती खातेदार कोणत्या पायरीवर अडले याची यादी तहसीलदाराच्या टेबलावर असेल, आणि मिश्र पिकाच्या क्षेत्राच्या रकान्यावरच सर्वाधिक माणसे थांबत असतील तर पुढच्या हंगामाआधी तो रकाना बदलता येईल.